गोव्यात कोंबड्यांमधले अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू फार्मपासून बाजारापर्यंत अभ्यासायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, हातात सहा महिने, सत्तरी-डिचोलीकडचे दोन-तीन पोल्ट्री फार्म आणि म्हापशाच्या बाजारातली दुकानं असा बेत. आणि तुमच्या सरांनी विचारलंय, चिकन तर शिजवूनच खातात, मग यात अभ्यासायचं काय?

मी काही वर्षांपूर्वी जवळजवळ हाच बेत आखला होता आणि चांगली तोंडावर आपटले होते. म्हणून आधी ते सांगते, सरांच्या प्रश्नाकडे मग येते.

मी सत्तरीतल्या दोन फार्मवरून नमुने घेतले, म्हापशाच्या चार दुकानांतून चिकन घेतलं आणि प्रबंधावर दिमाखात ‘फार्म ते बाजार’ असं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी चष्मा खाली करून एकच विचारलं, "या दुकानातली कोंबडी त्या फार्मवरची, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षा झाल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं, मी त्या दुकानदारांना जाऊन विचारलं. माल बेळगावकडून येत होता, चोर्ला घाटातून, पहाटेच्या गाडीने. गोवा जितकं चिकन खातो तितकं इथे पिकत नाही. बहुतेक ब्रॉयलर कर्नाटक आणि महाराष्ट्रातून येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला प्रबंध लिहिताना आठवलं नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, फार्म मोजू नका, लॉट धरा, म्हणजे शेडमध्ये एका वेळी आलेल्या पिल्लांची एक खेप. एकच लॉट, पण सुरुवातीपासून सुरीपर्यंत. ब्रॉयलर पस्तीस ते बेचाळीस दिवसांत विकायला निघतो, म्हणजे सहा महिन्यांत असे दोन-तीन लॉट आरामात होतात. असा फार्म शोधा ज्याचा माल निदान थोडा तरी थेट स्थानिक दुकानात जातो. करार पद्धतीच्या फार्मवर माल कधी आणि कुठे जाणार हे कंपनीचा सुपरवायझर ठरवतो, फार्मवाल्यालाही आदल्या रात्री कळतं. हा शोध उलटाही घेता येतो. आधी दुकानदाराशी ओळख काढा, त्याला विचारा माल कुठला, आणि मग मागे मागे जा. मला वाटतं गोव्यात हाच रस्ता सोपा. घाटापलीकडे जावं लागलं तर जा, त्याची लाज नाही. उलट तोच खरा ‘गोव्याचा’ अभ्यास होईल.

नमुने घ्यायच्या वेळा ठरवून टाका. पिल्लं येतात त्या दिवशी त्यांच्या खोक्यातला तळाचा कागद मागून घ्या, त्यावर विष्ठा असते. तो फार्मवाला फेकणारच असतो. दाद न देणारे जिवाणू कधी कधी हॅचरीतूनच आलेले असतात आणि हा कागद नसेल तर सगळा ठपका बिचाऱ्या फार्मवाल्यावर येतो. मग औषध दिल्यानंतर एकदा आणि माल उचलायच्या आदल्या दिवशी एकदा. शेडमध्ये बुटांवर निर्जंतुक कापडी मोजे चढवून सगळीकडे चालायचं आणि ते मोजेच नमुना म्हणून आणायचे. कोंबडीला हात लावावा लागत नाही, आणि अख्ख्या शेडचा अंदाज येतो. कोंबडीच्या मागच्या बाजूने स्वॅब घेणार असाल तर आधी कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीला विचारा. कोंबड्या ज्यातून पितात त्या निपलचं पाणी, टाकीतलं पाणी, खालचं भाताचं तूस हे सोबत घ्याच.

आता ज्या गोष्टीला मी प्रबंधात अर्धं पान दिलं आणि द्यायला हवी होती दहा पानं, ती म्हणजे औषधं. "अँटिबायोटिक देता का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" असंच येणार. माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी ती ‘पावडर’ असते, ‘सर्दीचं औषध’ असतं, नाहीतर ‘पाण्यातून देतो ते’. मी ज्या फार्मवर जायचे तिथल्या काकांनी मला चहा पाजून शपथेवर सांगितलं होतं, आमच्याकडे तसलं काही नाही. शेडच्या मागे, माडाच्या बुंध्याशी, रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. एक उचलून पुसली. लेबलवर एन्रोफ्लॉक्सॅसिन दहा टक्के, पिण्याच्या पाण्यातून द्यायचं द्रावण. काका म्हणाले, "अगं बाय, हे तर सीआरडीचं औषध!" कोंबड्यांच्या श्वासाच्या जुनाट आजाराला सगळे सीआरडीच म्हणतात. घरघर ऐकू आली की ही बाटली टाकीत, आणि टाकीतलं पाणी आजारी-निरोगी सगळेच पक्षी पितात.

एन्रोफ्लॉक्सॅसिन कोंबडीच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनतं. म्हणजे आपल्याला डॉक्टर लिहून देतात तेच. पोल्ट्रीतून माणसात या औषधांना दाद न देणारे जिवाणू येतात म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीतला त्याचा वापर थांबवला. त्या दिवशी माडाखाली मी जी बाटली वाचली, तिचा परिणाम आठवड्याने प्लेटवर बघितला. म्युलर-हिंटन अगारवर ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा दाट थर, त्यावर पाच-सहा औषधांच्या चकत्या. सिप्रोच्या चकतीभोवती रिकामं वर्तुळ २६ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर जिवाणू औषधाला दाद देतो, २१ किंवा कमी असेल तर देत नाही. माझी पट्टी हातातच राहिली. वर्तुळच नव्हतं. वाढ चकतीच्या कडेला येऊन टेकली होती.

म्हणून औषधांची वही करा. तारीख, बाटलीवरचं नाव, किती दिवस, आणि औषध बंद केल्यावर किती दिवसांनी माल उचलला. रिकाम्या पाकिटांचे फोटो काढा, पण आधी विचारून. फार्मचं नाव कुठेही छापू नका आणि हे पहिल्याच भेटीत सांगा.

प्रयोगशाळेचं काम त्या मानाने सोपं. ई. कोलाय धरा. तो प्रत्येक आतड्यात असतो, पटकन वाढतो, मॅकॉन्की अगारच्या प्लेटवर गुलाबी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण एकत्र मोजायची ट्रायसायकल नावाची पद्धत दिली. तिचं मर्म एवढंच की एकाच नमुन्याच्या दोन प्लेटा लावायच्या, एक साधी आणि एक सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घातलेली. दुसऱ्या प्लेटवर जे उगवतं ते संशयित ईएसबीएलवाले, म्हणजे अशी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारे, त्यांची खात्री वेगळी करायची. दोन्हींचं प्रमाण काढलंत की ‘सापडले’ याच्या पुढे जाऊन ‘किती’ सांगता येतं. ब्रॉयलर आणि अंड्यांच्या कोंबड्या एकत्र करू नका. पंजाबातल्या १८ फार्मांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात ईएसबीएलचं प्रमाण ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के आणि लेयरमध्ये ४२ टक्के होतं.

कोलिस्टिनचा, म्हणजे बाकी औषधं हरली की डॉक्टर काढतात त्या अँटिबायोटिकचा, मोह होईल. चीनमध्ये २०१५ साली एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारा कोलिस्टिन-विरोधी जीन सापडला, आणि भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता ते औषध बंद केलं, त्यामुळे विषय झगमगीत आहे. पण कोलिस्टिनची चकती लावून मोजू नका. रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, वर्तुळ फसवं येतं. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रवात औषध पातळ करत करत जिवाणू कुठे थांबतो ते बघणं, जमत असेल तरच हात घाला.

मोजणीबद्दल एक. एकाच शेडमधले तीस पक्षी म्हणजे तीस स्वतंत्र नमुने नव्हेत. सगळे एकाच टाकीचं पाणी पितात, एकाच तुसावर बसतात. शेड हेच एकक. संख्याशास्त्राच्या सरांना नमुने घेण्याआधी भेटा. नंतर गेलात तर ते फक्त सांत्वन करतात.

दुकानात मात्र दोन-तीन सकाळी नुसतं उभं राहा, स्वॅब खिशात ठेवून. मी उभी राहिले तेव्हा दुकानदार दर पाच मिनिटांनी "बाय, किदें जाय?" विचारत होता. तिथे काय दिसतं? गाडीतून क्रेट उतरतात, वरच्या क्रेटची विष्ठा खालच्या पक्ष्यांवर गळलेली. वजन, मग पक्षी उलटा घालून कापायचा पत्र्याचा कोन, मग पिसं काढायचा ड्रम, ज्याच्या आतली रबरी बोटं एकामागून एक प्रत्येक पक्ष्यावर फिरतात. मग एक बादली. सकाळी सातला त्यातलं पाणी पारदर्शक असतं, दहाला ताकासारखं आणि बाराला त्याकडे बघवत नाही. प्रत्येक सोललेली कोंबडी त्याच पाण्यात बुचकळून ठोकळ्यावर येते. तुमचे निम्मे नमुने इथे खर्च करा: क्रेट, ड्रम, बादलीचं पाणी सातला आणि बाराला, ठोकळ्याच्या भेगा, आणि परवानगी मिळाली तर दुकानदाराचे हात. पाच वेगवेगळ्या फार्मांचे जिवाणू या बादलीत एकमेकांना भेटतात. फार्मवर औषध न मिळालेली कोंबडीही इथून दुसरीचं देणं अंगावर घेऊन घरी जाते. श्रावणात जाऊ नका हे वेगळं सांगायला नको. मी गेले होते. पिंजऱ्यात चार कोंबड्या आणि दुकानदार मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेला.

आणि फार्मवरचा जिवाणू दुकानात पोचला असं म्हणायचं असेल तर दोघांच्या चकत्यांचं चित्र सारखं दिसणं पुरेसं नाही. निदान ईआरआयसी-पीसीआर करा, म्हणजे दोघांच्या डीएनएचे ठसे जुळवून बघा. जमलं तर थोड्यांचं जीनोम वाचून घ्या.

आता सरांचा प्रश्न. शिजवल्यावर जिवाणू मरतात, सर बरोबर आहेत. शाकुती रटरटा शिजली की त्यात काही उरत नाही. पण शाकुती व्हायच्या आधी ते चिकन नळाखाली धुतलं जातं, शिंतोडे ओट्यावर उडतात. मग त्याच आदोळीवर, म्हणजे विळीवर, कांदा-काकडी चिरली जाते, आणि ती कोणी शिजवत नाही. हे दुकानदाराला तर दिवसभर लागू. त्या जिवाणूने आजारी पडलंच पाहिजे असंही नाही. तो आतड्यात गुपचूप बसतो आणि आपले जीन शेजाऱ्याला देतो. आपल्याला ते कळतं पुढे कधीतरी लघवीला जळजळ झाली आणि पहिली गोळी चालली नाही म्हणजे. औषधाचे अवशेष हा याहून निराळा विषय, त्याची चाचणी निराळी. दोन्ही एका प्रबंधात कोंबू नका.

शेडमधलं तूस लॉट संपल्यावर कुठे जातं तेही विचारा. आमच्याकडे ते खत म्हणून कुळागरात जातं, माडा-पोफळींना, आणि कधी मिरचीच्या वाफ्यातही. बाजाराला जाणारा हा दुसरा रस्ता मला शेवटच्या महिन्यात दिसला, तेव्हा प्लेटा संपल्या होत्या. तुम्ही निदान दोन नमुने मातीचे घ्या.

बर्फ लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट न्या. वाळपईहून निघालेली कदंबा बस म्हापशाला पोचेपर्यंत माझा थर्माकोलचा डबा मांडीवर गळायला लागला होता. कंडक्टरने विचारलं, मासे कुठले? मी म्हटलं, बांगडे. खरं सांगितलं असतं तर उतरवलं असतं.