पाच कास्तकार पुरतात, पण त्यांना 'आवडलं का' विचारू नका

तुम्ही लिहिलंय की पीकनोंदीचं ॲप बनवलं, तीन गावांत दाखवलं, चाळीस जण 'छान आहे' म्हणाले आणि वापरत मात्र कोणीच नाही. तर चाचणी आता आणखी किती लोकांवर घ्यायची?

आणखी कशाला? चाळीसच जास्त झाले. सॉफ्टवेअर वापरताना माणसं कुठं अडतात याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांचा १९९३ मधला हिशेब असा, की एकाला वापरताना पाहिलं तर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पडतात आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. पुढे त्याच त्याच दिसत राहतात. म्हणून पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच.

हे पाच एकाच प्रकारचे हवेत, बरं का. आमच्या यवतमाळकडे सातबारा काकांच्या नावावर, फोनही काकांचा, पण बोटं पुतण्याची. दोघांचे पाच-पाच वेगळे धरा.

खरी गोम त्या 'छान'मध्ये आहे. संशोधक निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळूरमध्ये ४५० मुलाखती घेऊन २०१२ मध्ये दाखवलं, की दोन वस्तू अगदी सारख्या असल्या तरी विचारणाऱ्यानं बनवलेली वाटते तीच लोक सुमारे अडीचपट जास्त पसंत करतात. विचारणारा दुभाषा घेऊन आलेला परदेशी संशोधक असला तर पाचपट! मग नागपूरहून उन्हातान्हात गाडी करून आलेल्या पोरांचं मन आमचा कास्तकार मोडेल होय? चहा पाजून 'लय झकास' म्हणतो अन् वावरात निघून जातो.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मागे दोन पोरं असंच ॲप घेऊन आली. मी म्हटलं, हे आपलं आहे असं सांगूच नका. 'दुसऱ्या कोणाचं आहे, कुठं अडते ते पाहतोय' म्हणा, काम द्या आणि गप्प बसा. गप्प बसणंच त्यांना जमेना. काकांचं बोट थबकलं की लगेच 'काका, इथं दाबा'. अरे, तो थबकला तीच तर तुमची नोंद!

शेवटी एकदाचे गप्प बसले. तुरीचं क्षेत्र हेक्टरात भरायचं होतं. काका बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "सहा तासं पऱ्हाटी, एक तास तुरीचं. याचं हेक्टर म्या कसं काढू?" आमच्याकडे तास म्हणजे पिकाची ओळ. पोरानं वहीत लिहिलं होतं: 'कपाशी, सहा तास लागले.'

ही अडचण चाळीस 'छान'मध्ये कुठंच नव्हती.

आणि पुढच्या खेपेला भर दुपारी वावरात जा. दुकानाच्या सावलीत स्क्रीन सगळ्यांनाच दिसते.