दर पावसाळ्यात बाथरूममध्ये काळी बुरशी येते, कितीही घासली तरी परत येते. काय करावं?

ब्लीचने घासूनही पंधरा दिवसांत डाग पुन्हा हजर, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही रत्नागिरीचे, हे दुखणं घरचंच. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चपलांना बुरा येतो, तिथे बाथरूमची काय कथा!

बाजारात जाण्याआधी एक करा. डाग पडतो ती जागा कोरडी पुसून त्यावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील, तर ओल भिंतीतून किंवा स्लॅबमधून येतेय. मग बुरशीवर काहीही मारा, पैसे पाण्यात. आमच्याकडे हेच निघालं. तीन पावसाळे मी स्टुलावर चढून छताचा एक कोपरा घासत होते. पिवळट गोल, बशीएवढा, आणि त्याच्या कडेने काळे ठिपके. शेवटी वरच्या न्हाणीच्या जाळीभोवतीचं सिमेंट सुटलेलं सापडलं. ते नीट भरल्यावर छत वाळायला महिना लागला, मग चुन्याचा हात दिला. चुना बुरशीला मानवत नाही, आणि स्वस्तही पडतो.

थेंब बाहेरच्या बाजूला असतील, तर दोष वाफेचा आणि भिंतीवर राहिलेल्या पाण्याचा. पावसाळ्यात नुसती खिडकी उघडून फारसं वाळत नाही, बाहेरची हवाच ओली. म्हणून आंघोळ झाली की भिंतींवरून, मग फरशीवरून वायपर. दोन मिनिटांचं काम, पण घरातल्या पुरुषमंडळींना ते शिकवायला मला वर्ष लागलं. एक्झॉस्ट फॅन नंतरही अर्धा तास चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट हवी, नाहीतर आत हवा यायला वाटच नसते आणि पंखा नुसता घरघरतो.

ब्लीच गुळगुळीत टाइलवर ठीक. सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, वरचा रंग उडतो आणि बुरशी आत शाबूत राहते. फार काळं झालं असेल तर पावसाळा सरल्यावर, सांधे पूर्ण वाळल्यावर, खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. महाग आहे, पण पाणी पीत नाही. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर घासत बसू नका, कापून नवीन लावा.

आणि ब्लीचसोबत टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही ॲसिड चुकूनही वापरू नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

डाग छताला आहेत की खालच्या सांध्यांत, हे तुम्ही लिहिलं नाहीत. छताला असतील तर आधी वरच्या मजल्याची बेल वाजवा.