संघटना-सुधारणेच्या कामासाठी ५० हजार डॉलर द्यावेत का?

नेपरव्हिल, इलिनॉय येथील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५७ असून पती-पत्नी दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार डॉलर आहे. घराचे कर्ज फिटले आहे, मुलाच्या कॉलेजची दोन वर्षे उरली आहेत. पूर्वी ८ हजार डॉलरना घेतलेले शेअर आज ५० हजारांचे झाले आहेत. सरकारी कर्मचारी संघटनांच्या कायद्यात बदल व्हावा म्हणून राज्यात काम करणाऱ्या एका धोरण-संस्थेला आणि तिच्या प्रचार करणाऱ्या भगिनी संस्थेला हे शेअर निम्मे-निम्मे द्यावेत, असा त्यांचा विचार आहे. पत्नी २००८ पासून सरकारी शाळेत शिक्षिका असून शिक्षक संघटनेच्या सभासद आहेत. त्यांना हे अद्याप सांगितलेले नाही.

आपले पत्र वाचून पहिली गोष्ट जाणवली ती ही, की राज्याच्या पेन्शनच्या कर्जाबद्दल आपल्याला मनापासून चिंता वाटते आणि ती चिंता निराधार नाही. इलिनॉयच्या पाच राज्यस्तरीय पेन्शन निधींमधील तूट १४० अब्ज डॉलरच्या पुढे आहे. परंतु संघटनांचे बळ कमी झाले की ही तूट भरून निघेल, हे आपले गृहीतक मला मान्य नाही. इलिनॉयमध्ये शिक्षकांची पेन्शन संघटनेशी होणाऱ्या वाटाघाटीत ठरत नाही, ती विधिमंडळाच्या कायद्याने ठरते. तूट वाढण्याचे मोठे कारण म्हणजे राज्याने अनेक दशके आपला वाटा अपुरा भरला. १९९४ च्या कायद्याने २०४५ पर्यंत ९० टक्के तरतूद करण्याचे वेळापत्रक आखले खरे, पण त्यातही पहिल्या पंधरा वर्षांचे हप्ते कमी ठेवले होते. २०१३ मध्ये पेन्शन कमी करणारा कायदा झाला, तो २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केला, कारण १९७० च्या राज्यघटनेनुसार पेन्शनचे लाभ घटवता येत नाहीत. आपल्या पत्नी २०११ पूर्वी नोकरीस लागल्यामुळे जुन्या, अधिक लाभाच्या श्रेणीत येतात आणि तेच संरक्षण त्यांना आहे. इलिनॉयचे शिक्षक या नोकरीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, भरत नाहीत, त्यामुळे ही पेन्शन आपल्या घराच्या निवृत्तीचा मुख्य आधार आहे, हेही येथे नोंदवतो.

आता देणगीचा पैसा आपल्या राज्यात नेमके काय करू शकतो ते पाहू. माझ्या मते निर्णय येथेच होतो.

विस्कॉन्सिनने २०११ मध्ये ‘अ‍ॅक्ट १०’ नावाचा कायदा करून बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या वाटाघाटी मूळ पगारापुरत्या मर्यादित केल्या. त्याच वर्षी ओहायोने केलेला तशाच धर्तीचा कायदा मात्र नोव्हेंबरमधील सार्वमतात मतदारांनी ६० टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. अ‍ॅक्ट १० मधील बरीच कलमे डिसेंबर २०२४ मध्ये डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवली आणि प्रकरण अपिलात गेले. युटाने २०२५ मध्ये सरकारी क्षेत्रातील सामूहिक वाटाघाटींवर बंदी घातली आणि सार्वमताच्या मागणीसाठी मोठ्या संख्येने सह्या गोळा झाल्यावर त्याच वर्षी ती मागेही घेतली. म्हणजे जेथे कायदा बदलण्याचा मार्ग खुला आहे तेथेही मिळवलेले टिकेलच असे नाही, आणि दोन्ही बाजू त्यावर मोठा पैसा ओततात.

इलिनॉयमध्ये तर तो मार्गच जवळजवळ बंद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी सामूहिक वाटाघाटींचा हक्क राज्यघटनेत घातला. तो काढायचा तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मते मिळवून पुन्हा मतदारांपुढे जावे लागेल, आणि नागरिकांनी सह्या गोळा करून दुरुस्ती मांडण्याची सोय तेथे केवळ विधिमंडळाच्या रचनेशी व कार्यपद्धतीशी संबंधित विषयांपुरती आहे. म्हणून भगिनी संस्थेला, म्हणजे करकायद्याच्या ५०१(सी)(४) कलमाखालील प्रचार-संस्थेला, लॉबिंगसाठी (कायदे बदलण्यासाठी आमदारांकडे पाठपुरावा करण्यासाठी) २५ हजार देण्याचा विचार आपण सोडून द्यावा असे मी स्पष्टपणे सांगतो. त्या देणगीला करवजावटही नाही.

धोरण-संस्थेचे, म्हणजे ५०१(सी)(३) कलमाखालील धर्मादाय संस्थेचे, तसे नाही. तिला लॉबिंग मर्यादित प्रमाणातच करता येते, उमेदवारांचा प्रचार तर मुळीच करता येत नाही, परंतु पेन्शनवरील अभ्यास, न्यायालयीन खटले आणि कर्मचाऱ्यांना त्यांचे हक्क समजावणे हे काम ती करू शकते. मोठा बदल खटल्यातूनच घडला होता, तोही इलिनॉयमधूनच. राज्य सरकारच्या बालसंगोपन-खर्चाच्या वसुली विभागातील कर्मचारी मार्क जानस यांच्या पगारातून, सभासद नसतानाही, दरमहा सुमारे ४५ डॉलर संघटनेसाठी कापले जात. त्यांच्या प्रकरणात २७ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातील अशी सक्तीची कपात सर्व राज्यांत बंद केली आणि १९७७ चा आपलाच निर्णय मोडीत काढला. तेव्हापासून आपल्या पत्नींची सभासदत्वाची वर्गणीही ऐच्छिक आहे. ती त्या देत आहेत, याचा अर्थ त्यांना संघटना हवी आहे असाही असू शकतो.

रकमेबाबत माझा सल्ला असा, की या धोरण-संस्थेसाठी २० हजार डॉलर द्यावेत. उरलेले ३० हजारांचे शेअर मुलाचे कॉलेज पूर्ण होईपर्यंत हाताशी राहू द्यावेत, मात्र एकाच कंपनीत अडकलेला पैसा हळूहळू बाहेर काढावा. हे २० हजारांचे शेअर विकून पैसे देऊ नयेत, शेअरच डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडात, म्हणजे देणगी आधी जमा करून नंतर संस्थांना वाटता येणाऱ्या खात्यात, हस्तांतरित करावेत. त्यांत सुमारे १६,८०० डॉलरचा नफा आहे. विकले असते तर त्यावर १५ टक्के दराने २,५२० डॉलर केंद्रीय कर आणि ४.९५ टक्के दराने सुमारे ८३० डॉलर राज्य कर भरावा लागला असता.

वजावटीचे गणित २०२६ साठी असे आहे. आपला राज्य आयकर आणि मालमत्ता कर मिळून सुमारे २३ हजार होतात, तर खर्चाचा तपशील न देता दांपत्याला मिळणारी सरसकट वजावट ३२,२०० आहे. कर आणि देणगी यांची बेरीज तिच्यापुढे गेली तरच तपशीलवार वजावट घेणे फायद्याचे ठरते. देणगीतील उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकी, म्हणजे १,२०० डॉलरची, रक्कम यंदापासून वजावटीत धरली जात नाही. त्यामुळे दरवर्षी सात-आठ हजारांचे शेअर दिले तर त्यांवर वजावटीचा काहीच लाभ मिळणार नाही. वीस हजार एकदम दिले तर करांसह वजावट ४१,८०० होते आणि २२ टक्के दराने सुमारे २,१०० डॉलर वाचतात. फंडातून संस्थेला पैसे मात्र तीन वर्षांत हप्त्यांनी द्यावेत आणि प्रत्येक हप्त्याआधी तिचा फॉर्म ९९०, म्हणजे कर विभागाला दिलेले वार्षिक विवरणपत्र, वाचावा. कार्यक्रमांवर किती खर्च झाला, लॉबिंगवर किती आणि निधी उभारण्यावर किती, हे त्यात दिसते. काम पटले नाही तर पुढचा हप्ता दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे वळवता येईल, पण फंडात गेलेला पैसा स्वतःकडे परत घेता येत नाही.

शेअरचे खाते दोघांच्या नावावर आहे, असे आपण लिहिले आहे. ज्या संघटनेची वर्गणी आपल्या पत्नी स्वेच्छेने भरतात, तिच्याविरुद्ध चालणाऱ्या कामासाठी त्यांच्याही पैशातून देणगी जाणार आहे आणि ती त्यांना एखाद्या दिवशी विवरणपत्रावर सही करताना कळावी, हे मला योग्य वाटत नाही. त्यांच्याशी आधी बोला. त्या नको म्हणाल्या तर शेअरना हात लावू नका. आपल्या स्वतःच्या पगारातून, जितके त्यांना मान्य असेल तितके, रोख द्या. सरसकट वजावट घेणाऱ्या दांपत्यालाही यंदापासून २ हजार डॉलरपर्यंतच्या रोख देणगीवर वजावट मिळते, पण त्यासाठी ती रक्कम फंडात न घालता थेट संस्थेला द्यावी लागेल.