५० मिलिसेकंदांत लाइन बदलते म्हणतात, मग एक फायबर तुटल्यावर सगळा तालुका तासन्‌तास बंद का पडतो?

५० मिलिसेकंदांचा आकडा खरा आहे. एसडीएच रिंगमध्ये (गोलाकार जोडलेल्या फायबरच्या जाळ्यात, जिथे सिग्नल दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो) फायबरमधला प्रकाश गेला की उपकरणाला १० मिलिसेकंदांच्या आत कळते आणि पुढच्या ५० मध्ये ट्रॅफिक उलट्या बाजूने वळते. बोलणाऱ्याला फार तर 'टक्' ऐकू येते. पण वळायला दुसरी बाजू जिवंत लागते, आणि आमच्याकडे घोळ तिथेच होता.

मी खानापूर भागात ट्रान्समिशनचे काम केले आहे. बेळगाव-खानापूर रिंग नकाशावर छान गोल दिसायची. प्रत्यक्षात पिरनवाडीच्या पुढे जाणारी आणि येणारी केबल एकाच चरातून गेलेली, फक्त डक्ट (केबलचे पाइप) वेगळे. मी तेव्हाच म्हटले होते, "साहेब, परतीची बाजू किणये-जांबोटीवरून फिरवूया." उत्तर मिळाले, "डक्ट दोन आहेत ना? मग झाली रिंग."

रस्त्याचे रुंदीकरण सुरू झाले आणि जेसीबीच्या एका बकेटमध्ये दोन्ही डक्ट वर आले. वर्किंगला (नेहमीच्या मार्गाला) लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल गायब; प्रोटेक्शनलाही (राखीव मार्गालाही) लॉस ऑफ सिग्नल. दोन टोकांनी एकमेकांना 'स्विच कर' सांगायचे के१-के२ बाइटसुद्धा त्याच फायबरमधून जायचे! ओटीडीआरने (फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटलेली जागा शोधणाऱ्या यंत्राने) कट कुठे आहे ते दाखवले, पण जेसीबीने ओढलेली केबल लांबवर ताणली जाते, त्यामुळे आणखी खणावे लागले. वर खानापूरचा पाऊस. खड्ड्यावर ताडपत्री धरून, हात पुसत पुसत आम्ही एकेक फायबर स्प्लाइस केली, म्हणजे जोडली. तोवर बँका, एटीएम, दवाखान्याचे फोन, सगळे ठप्प.

आणि अहवालात काय लिहिले? 'प्रोटेक्शन स्विचिंग निकामी, कार्ड बदलावे.' याचा राग मला आजही येतो. कार्डात, म्हणजे लाइन वळवणाऱ्या उपकरणातल्या सर्किट प्लेटमध्ये, काहीही बिघाड नव्हता. वन प्लस वन (दोन्ही मार्गांवर एकाच वेळी सिग्नल पाठवण्याची पद्धत) घ्या, इथरनेट रिंगच्या प्रोटेक्शनचे जी.८०३२ हे मानक घ्या, दोन्ही केबल एका चरात पुरल्या की प्रोटेक्शन नाहीच. ज्याने मार्ग मंजूर केला त्यालाच जाब विचारायला हवा होता.

आता साहेबांच्या बाजूचेही सांगतो. जांबोटीकडे जंगल आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे खणता येत नाही, आणि खर्चही मोठा. मान्य. मग तेवढ्यापुरता मायक्रोवेव्ह हॉप (दोन टॉवरमधला रेडिओ दुवा) टाकायचा. त्याची क्षमता फायबरपेक्षा फार कमी, पण ७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पावसाचा त्रास कमी होतो. दवाखाना आणि बँका नक्की चालल्या असत्या. हे मी त्या बैठकीतही सांगितले होते.

तुमच्या घराचे म्हणाल, तर घरापर्यंतच्या फायबरला प्रोटेक्शन सहसा नसतेच. दोन कंपन्यांची कनेक्शन घेणार असाल तर पैसे भरण्याआधी दोघांनाही विचारा, तुमची केबल बेळगावहून कोणत्या रस्त्याने येते. मोबाइलच्या भरवशावरही राहू नका, गावातला टॉवर बऱ्याचदा त्याच चरातल्या फायबरवर चालतो.