प्लग-इन हायब्रिड : पुढच्या मॉडेलसाठी थांबावं का?

प्रश्न : टोयोटाची प्रिअस प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवर आणि घरी चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही चालणारी) घ्यायचं ठरवलं आहे. पण पुढच्या मॉडेल इयरला (म्हणजे कंपनी गाडीला देते त्या वर्षाला) मोठी बॅटरी आणि डीसी फास्ट चार्जिंग (चार्जिंग स्टेशनवर झटपट चार्ज) येणार, असं जो तो सांगतो. नव्या रॅव्ह-फोर प्लग-इनमध्ये ते आलंच आहे. थांबावं का?
(वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : मोठ्या बॅटरीसाठी थांबत असाल तर थांबू नका. टोयोटाची आजवरची सवय पाहा. पहिली प्लग-इन प्रिअस २०१२ च्या मॉडेलची, बॅटरी ४.४ किलोवॉट-तास, विजेवर ११ मैल. ती संपेपर्यंत तीच बॅटरी राहिली. मधल्या काळात किंमत उतरवली, बॅटरीला हात लावला नाही. २०१७ ला तिची दुसरी पिढी, प्रिअस प्राइम आली, ८.८ किलोवॉट-तास आणि २५ मैल. २०२२ पर्यंत तेच आकडे. २०२३ ला गाडी मुळापासून बदलली, तेव्हाच १३.६ किलोवॉट-तास आणि ४४ मैल (वरच्या ट्रिमला, म्हणजे जास्त सोयींच्या आवृत्तीला ३९) झाले. २०२५ ला 'प्राइम' जाऊन 'प्लग-इन हायब्रिड' हे नाव लागलं, पण बॅटरी तीच.

यामागचं कारण साधं आहे. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली बसवलेली आहे आणि तिथे वीतभरही जागा शिल्लक नाही. मोठा पॅक म्हणजे फ्लोअर बदला, वजनाची गणितं बदला, धडक-चाचण्या पुन्हा करा, प्रदूषणाचं प्रमाणपत्र पुन्हा घ्या. लाखांनी खपणाऱ्या गाडीत हा खर्च वसूल होतो. कमी खपाच्या गाडीत तो पुढची पिढी येईपर्यंत कोणी करत नाही.

थोरल्या भावंडात आलं म्हणून धाकट्यात येईल, हा तर्क कसा फसतो त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅडिलॅक ईएलआर. त्याच जनरल मोटर्सच्या शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इनच्या यंत्रणेवर बांधलेली ही दोन दारांची देखणी गाडी. २०१४ साली अमेरिकेत अवघ्या १,३१० खपल्या. २०१५ चं मॉडेल काढलंच नाही. २०१६ ला व्होल्टची दुसरी पिढी आली, नवी मोटर-यंत्रणा, १८.४ किलोवॉट-तासांची बॅटरी. साहजिकच ईएलआरलाही तेच मिळणार असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात २०१६ च्या ईएलआरला मिळाली ती जुनीच यंत्रणा, २०१५ च्या व्होल्टमधली १७.१ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि वाढवलेली ताकद: २१७ वरून २३३ अश्वशक्ती. किंमत दहा हजार डॉलरनी खाली आली. त्याच वर्षी गाडी बंद झाली. नव्या यंत्रणेसाठी बॉडीची मांडणी बदलावी लागली असती, ते एवढ्याशा खपात शक्य नव्हतं. जुन्या मांडणीत बसणारे भाग मात्र आले. अंदाज बांधताना हीच चाळणी लावा: नवा भाग जुन्या जागेत, जुन्या बोल्टवर बसतो का?

प्रिअसला ती चाळणी लावली तर आतला ३.५ किलोवॉटचा चार्जर बदलून मोठा येणं शक्य कोटीतलं वाटतं. तो एक स्वतंत्र डबा आहे. डीसी फास्ट चार्जिंगला मात्र वेगळं सॉकेट, जाड केबल, जास्तीचे कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचे स्विच) आणि बॅटरी थंड ठेवण्याची तेवढीच सक्षम व्यवस्था लागते. मागच्या पिढीत जपानमधल्या प्रिअसला ही सोय पर्यायी मिळत होती आणि अमेरिकेत शेवटपर्यंत दिली नाही, हेही विसरू नका. प्रिअसच्या पिढ्या २००४, २०१०, २०१६ आणि २०२३ अशा बदलल्या आहेत, म्हणजे सहा-सात वर्षांनी. खरा मोठा बदल २०२९-३० च्या सुमारास धरावा, असं माझं मत.

अफवेपेक्षा कागद पाहा. नव्या मॉडेल इयरच्या व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख-क्रमांकाची उकल (कोणत्या अक्षराचा अर्थ काय) कंपनीला विक्रीच्या किमान ६० दिवस आधी सरकारला कळवावी लागते. ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेचे मैलांचे आकडे 'फ्युएल इकॉनॉमी डॉट गव्ह'वर येतात. डीलरकडे ऑर्डर गाइड येतं, त्यात नवं काय आणि वगळलं काय ते ट्रिमनुसार असतं. ओळखीच्या विक्रेत्याला तेच पान दाखवायला सांगा. आणखी एक खूण बॉनेटखालच्या प्रदूषण-लेबलवर सापडते. तिथे 'टेस्ट ग्रुप' म्हणून बारा खुणांचा कोड छापलेला असतो. पहिली खूण वर्षाची, पुढच्या तीन कंपनीच्या, मग गाडीचा प्रकार, मग इंजिनाचं लिटरमधलं माप, शेवटच्या तीन कंपनीच्या मर्जीच्या. दोन वर्षांच्या कोडमध्ये पहिलं अक्षरच तेवढं वेगळं असेल तर इंजिन-यंत्रणा बहुधा जशीच्या तशी पुढे आली आहे.

आणि फेडरल कर-सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. तिच्यासाठी घाई करण्यात किंवा थांबण्यात आता काहीच हशील नाही.

प्रश्न : जुनी प्रिअस प्राइम पाहतो आहे. २०१९ आणि २०२० च्या दोन गाड्या, रंगही सारखाच, डीलर म्हणतो एकोणीस-वीसचा फरक. खरं का?
(वाचक, ऑस्टिन, टेक्सस)

उत्तर : नाही. २०२० घ्या. बॅटरी, इंजिन, मैल सारखेच आहेत, पण २०१९ मध्ये मागे दोनच जण बसतात, मध्ये कन्सोल आहे. २०२० पासून मागे तीन सीट आल्या, अ‍ॅपल कारप्लेही आलं. त्याहून मोलाची गोष्ट ब्रोशरच्या पहिल्या पानावर नसते: टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं/१ लाख मैलांवरून १० वर्षं/दीड लाख मैल केली. कॅलिफोर्नियाचे प्रदूषण-नियम पाळणाऱ्या राज्यांत अशा गाड्यांना दहा वर्षांचं संरक्षण आधीपासून असू शकतं. टेक्सस त्यांत येत नाही, म्हणून तुमच्यासाठी हे एक वर्ष फार महत्त्वाचं.

वर्षाची खात्री व्हीआयएनच्या दहाव्या अक्षरावरून करा. 'के' असेल तर २०१९, 'एल' असेल तर २०२०. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल गाडी बनल्याचा महिना सांगतं, मॉडेल इयर नव्हे. अमेरिकेत मॉडेल इयरचं उत्पादन आदल्या वर्षीच्या २ जानेवारीपासून सुरू करता येतं, त्यामुळे २०१९ मध्ये बनलेली गाडी २०२० ची असणं अगदी नेहमीचं.

प्रश्न : आमच्याकडे डिसेंबरात 'जुन्या वर्षाची गाडी' म्हणून सूट देतात. तेच का हे मॉडेल इयर?
(वाचक, पुणे)

उत्तर : नाही. आपल्याकडे आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जातं, आणि गाडी विकताना भाव त्यावरून ठरतो. म्हणून जानेवारीत डिसेंबरची गाडी स्वस्त पडते, आतला एक स्क्रूही बदललेला नसला तरी. अमेरिकेतल्या बातमीवरून 'नवं मॉडेल' आपल्याकडे कधी येईल याचा अंदाज बांधू नका.

प्रश्न : कंपनीकडून प्लग-इन मिळणार आहे. युरोपात सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम का वाढल्या?
(वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : नियमामुळे. प्लग-इन गाडीच्या एकूण अंतरापैकी किती वाटा विजेवर धरायचा, हे कागदावर एका सूत्राने ठरतं. त्या सूत्रातलं ८०० किलोमीटरचं प्रमाण-अंतर युरो ६ई-बिस या युरोपीय प्रदूषण-नियमाने २,२०० वर नेलं, २०२५ पासून नव्याने मंजुरी घेणाऱ्या मॉडेलांना आणि २०२६ पासून सर्व नव्या गाड्यांना. पुढचा टप्पा ४,२६० चा आहे. अंतर वाढलं की विजेचा गृहीत वाटा घसरतो आणि त्याच गाडीचा कागदावरचा कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो आवरायचा तर विजेवरचा पल्ला वाढवायलाच हवा. जर्मनीत कंपनीच्या गाडीसाठी दरमहा तिच्या यादीकिमतीचा अर्धाच टक्का करपात्र उत्पन्नात धरला जावा, तर २०२५ पासून विजेवर किमान ८० किलोमीटर किंवा किलोमीटरमागे जास्तीत जास्त ५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ही अट आहे. ग्रॅमची अट आता अवघड झाली, म्हणून ८० किलोमीटरवरच लक्ष ठेवा. टायरच्या मापानेही हा आकडा खाली येतो. मोठी चाकं निवडण्याआधी तुमच्याच ट्रिमचा पल्ला लेखी मागा.

प्रश्न : बंद झालेली व्होल्ट घ्यायची आहे. २०१८ की २०१९? आणि घरी २४० व्होल्टची लाइन ओढायला किती अँपिअरचं सर्किट घालू?
(वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : दोन्हींत बॅटरी १८.४ किलोवॉट-तासांची आणि ईपीएप्रमाणे ५३ मैल. फरक चार्जरचा. २०१८ मध्ये ३.६ किलोवॉटचा चार्जर आहे, पूर्ण चार्जला साडेचार तास. २०१९ च्या प्रीमियर या वरच्या ट्रिममध्ये ७.२ किलोवॉटचा, २ तास २० मिनिटांत काम होतं. एलटी या खालच्या ट्रिममध्ये तो पर्यायी होता. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. रिकामी गाडी २४० व्होल्टवर लावा आणि चार्ज किती वाजता पूर्ण होईल म्हणून पडद्यावर दाखवते ते पाहा, लगेच कळेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्पादनच थांबल्याने २०१९ च्या गाड्या मुळात थोड्या आहेत.

सर्किट चार्जरच्या हिशोबाने. सतत चालणाऱ्या भाराला ब्रेकरच्या ८० टक्केच वापरायचे असतात. ३.६ किलोवॉटला २० अँपिअरचा ब्रेकर आणि १२ गेजची तांब्याची वायर पुरते, १६ अँपिअरचं चार्जिंग युनिट लावा. ७.२ किलोवॉट म्हणजे ३० अँपिअर, त्याला ४० चा ब्रेकर, ८ गेजची वायर आणि ३२ चं युनिट. २०१८ च्या गाडीसाठी ४० चं सर्किट घातलं तरी ती ३.६ पेक्षा जास्त घेणार नाही. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

साध्या १२० व्होल्टवर चालवायचं असेल तर एक नेहमीची फसगत टाळा. गाडी आपणहून ८ अँपिअर धरते, म्हणजे ९६० वॉट. १२ अँपिअरवर १३ तास लागतात, ८ वर एकोणीस-वीस. सकाळी अर्धीच भरलेली दिसते आणि लोक बॅटरी गेली समजतात. सेटिंगमध्ये घराच्या ठिकाणासाठी १२ निवडून ठेवता येतं. मात्र त्याच सर्किटवर गॅरेजातला फ्रीझर असेल तर ब्रेकर पडेल. अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून पाहा; हात टिकत नसेल तर आउटलेट आतून सैल झालं आहे, चार्जिंग थांबवा आणि ते बदलून घ्या.

आता वॉरंटी. बॅटरी आणि विजेच्या यंत्रणेची ८ वर्षं/१ लाख मैल, पहिल्या विक्रीच्या तारखेपासून. २०१८ मध्ये विकलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते, २०१९ मधलीची २०२७ मध्ये. हे महत्त्वाचं, कारण या पिढीत बॅटरी नियंत्रित करणारं मॉड्यूल, बीईसीएम, बिघडल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. पडद्यावर ताकद कमी केल्याचा इशारा येतो आणि गाडी रखडत चालते. नुसता भाग आणून भागत नाही, तो कंपनीच्या सॉफ्टवेअरने गाडीशी जुळवावा लागतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या गॅरेजात हे काम होत नाही. डीलरकडून व्हीआयएनवर आजवरच्या वॉरंटी-कामांची यादी काढून घ्या. बीईसीएम बदललेलं असेल तर ती गाडी टाळू नका, उलट तिलाच पसंती द्या. भाव सारखा असेल तर २०१९ ची प्रीमियर. दीड-दोन हजार डॉलरचा फरक असेल आणि गाडी रात्रभर घरीच उभी राहणार असेल, तर बीईसीएम बदललेली २०१८ घ्या आणि त्या भागावर किती मुदतीची हमी उरली आहे ते पावतीवर लिहून घ्या.