‘लक्ष देऊ नकोस’ म्हणून झाल्यावर

“ताई, मीच फार मनाला लावून घेते का?”

न्यू जर्सीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न किती जणींनी विचारला असेल, हिशोब नाही. वैशालीने (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) विचारला तेव्हा तिच्या हातात डॉक्टरांचा कागद होता. वय ४१, रक्तदाब १५२/९६.

वैशाली साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. गुडघा नाहीतर खुबा बदललेल्या पेशंटना पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. महिन्या-दीड महिन्यात एखादा पेशंट तिचा हात झटकायचा, “कोणी अमेरिकन नाही का इथे?” सुपरवायझर त्याला गुपचूप दुसऱ्याकडे द्यायची आणि हिला म्हणायची, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. घरी नवरा म्हणायचा, “लक्ष देऊ नकोस, पगार वेळेवर येतोय ना?” मराठी मंडळात बोलायची सोय नाही, तिथे सगळ्यांचं छानच चाललेलं असतं. मग ही दुप्पट काम करायची. रात्री घरी बसून नोट्स पुऱ्या करायच्या, हक्काची सुट्टी घ्यायची नाही, वर उच्चार सुधारायला यूट्यूब.

मी चुकले ते इथेच. दीर्घ श्वसन, रोज अर्धा तास चालणं, रात्री फोन बंद, असं सगळं नेहमीचं सांगितलं. तीन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. रोजच्या रकान्यात बरोबरच्या खुणा, हुकलं तिथे लाल फुली. “मंगळवारी चालायचं राहिलं, म्हणून बुधवारी तासभर चालले,” असं अपराधी चेहऱ्याने सांगितलं. मी तिला आणखी एक ड्युटी लावून दिली होती.

माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी सहकारी कृष्णवर्णीय आहे. नाव न सांगता मी तिच्याकडे ही अडचण बोलले. ती म्हणाली, “ही तर जॉन हेन्री.” जॉन हेन्री म्हणजे इथल्या लोकगीतांतला कृष्णवर्णीय मजूर. रेल्वेच्या बोगद्यासाठी हातोड्याने खडक फोडणारा. वाफेवर चालणाऱ्या यंत्राशी त्याने पैज लावली, जिंकला आणि हातोडा हातात असतानाच मेला. शेरमन जेम्स या साथरोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात एका सवयीला त्याचं नाव दिलं. अडथळा आला की दुप्पट राबायचं, पुन्हा आला की चौपट. आणि हाताशी साधनं तुटपुंजी असली, तर त्याची वसुली रक्तदाबातून होते. त्यांचं काम नॉर्थ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीयांवरचं. वैशालीचं स्वतःचं घर, दारात दोन गाड्या. तिला ते जसंच्या तसं लागू आहे असं मी म्हणणार नाही. पण गोष्ट ऐकता ऐकता तिने वही मिटून पर्समध्ये टाकली.

ही सहकारी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लायब्ररीच्या तळघरात बायकांचा गट घेते. बहुतेक कृष्णवर्णीय, दोन फिलिपिनो नर्स, एक ग्वाटेमालाची. मी वैशालीला तिकडे जा म्हटलं. “त्यांच्यात मी काय बोलणार? आणि आपण कुठे त्यांच्यातले?”

आपण कुठले, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच सांगितलंय. पंजाबातून इथे आलेल्या भगतसिंग थिंद यांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. पुढे १९६५च्या ज्या स्थलांतर कायद्यामुळे आपले डॉक्टर-इंजिनिअर इथे येऊ लागले, तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या लाटेत झाला. सावळ्या सुनेला नाकं मुरडणाऱ्या आपल्या घरांत हे कुणी सांगत नाही. तिलाही मी तेव्हा सांगितलं नाही. उपदेश ऐकायला ती आली नव्हती.

तिला सांगितली ती लॉस एंजेलिसमधल्या न्हाव्यांच्या दुकानांची हकिगत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास: ५२ दुकानं, रक्तदाब वाढलेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन गोळ्या ठरवून द्यायचे. तिथे सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ने उतरला. बाकीच्या दुकानांत न्हाव्याने राहणी सुधारा, डॉक्टरकडे जा एवढंच सुचवलं, तिथे ९ने. गोळ्या लागल्याच, पण त्या ओळखीच्या खुर्चीत बसून मिळाल्या. वैशालीलाही डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती आणि ती थांबवायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या शनिवारी ती गप्प बसली. दुसऱ्या खेपेला हात झटकल्याचं सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या, स्कूलबस चालवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी विचारलं, “मग त्या दिवशी तू जेवलीस का?”

जेवली नव्हती. नऊ वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं. नक्की रंगामुळेच का, तुझा गैरसमज तर नाही, हे मात्र घरीदारी सगळे विचारायचे.

तिथेच तिला आणखी एक कळलं. इंडियानातल्या एका नर्सिंग होममध्ये पेशंटच्या मर्जीनुसार कृष्णवर्णीय मदतनिसांना दूर ठेवत होते. २०१० मध्ये अपील न्यायालयाने बजावलं की पेशंटची आवड हे वर्ण बघून काम वाटायचं कारण होऊ शकत नाही. मग वैशाली तारीख, शब्द, समोर कोण होतं, असं टिपायला लागली. फुल्यांची वही आता त्या कामी आली. दोन सहकाऱ्यांना घेऊन सुपरवायझरकडे गेली आणि अशा वेळी काय करायचं ते लेखी मागितलं. मिळायला चार महिने लागले. पाळलं जातंच असं नाही.

मनाला लावून घेतेस का, याचं उत्तर मी हल्ली कुणालाच देत नाही. झालं ते कुणाला सांगितलं आणि मग जेवलीस का, एवढं विचारते.

शेवटच्या भेटीत वैशालीचा रक्तदाब १३४/८४ होता, गोळी चालूच. निघता निघता म्हणाली, “काल नवीन आजोबा आलेत. विचारत होते, खरी कुठली तू?”

“मग?”

“सातारा म्हटलं. आता गुडघा वाकवा.”