बाबांच्या डोळ्याची नस लसीमुळे बंद झाली का?

प्रश्न : डॉक्टर, स. न. वि. वि. मी मुलुंडला राहते. माझे बाबा आता ७१ वर्षांचे आहेत. २०२१ साली मोबाइलवर खटपट करून मीच त्यांचं नाव नोंदवलं. मार्चमध्ये पहिला डोस, मेच्या सुरुवातीला दुसरा, दोन्ही वेळा कोव्हिशिल्ड. दुसऱ्या डोसनंतर बाविसाव्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या ते म्हणाले, उजव्या डोळ्यापुढे खालच्या बाजूला कुणी ओलं फडकं धरल्यासारखं दिसतंय. दुखत अजिबात नव्हतं. जवळच्या एका दवाखान्यात सांगितलं, "लसीमुळे होतं असं, महिन्याने या." महिन्यानंतर पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा पडद्याची नस ब्लॉक झाल्याचं निदान झालं. पाच इंजेक्शनं घेतली. बरंच सुधारलं, पण पेपर वाचताना बाबा अजूनही तो डोळा मिटून घेतात.

लसीने रक्ताच्या गाठी होऊ शकतात असं कंपनीने कोर्टात मान्य केल्याची बातमी २०२४ साली आली. ते कात्रण बाबांनी पाकिटात जपून ठेवलंय. आता फॅमिली डॉक्टर पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्या म्हणतात, तर बाबांचं एकच, "एक डोळा दिला, दुसरा देणार नाही." मला रात्री झोप लागत नाही. त्यांना रांगेत मी उभं केलं होतं. खरं काय ते सांगा. रिपोर्ट सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले सगळे कागद टेबलावर पसरून मी दोनदा वाचले. सत्तावीस वर्षं परळला पडद्याचे पेशंट तपासते आहे. २०२१ च्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न माझ्या खोलीत इतक्यांदा विचारला गेलाय की त्याला एका ओळीत उत्तर देऊन कुणाला परत पाठवणं मला जमत नाही.

आधी डोळ्याच्या आत काय झालं ते बघू. बाबांच्या पडद्याचा रंगीत फोटो तुमच्याकडे आहेच, तो समोर धरा. मध्ये फिकट पिवळसर गोल दिसतो, तिथून नसा फुटतात. गडद आणि जाड असतात त्या नीला, रक्त बाहेर नेणाऱ्या. फिकट आणि बारीक त्या रोहिणी, रक्त आणणाऱ्या. आता वरच्या बाजूला, कानाकडे जाणाऱ्या नीलेवर बोट ठेवा. थोडं पुढे गेलं की एक रोहिणी तिला आडवी ओलांडून जाते. त्या ओलांडणीपर्यंत नीला ठीक आहे. पलीकडे मात्र ती फुगून वाकडीतिकडी झालीय आणि तिच्या आजूबाजूला समईच्या ज्योतीसारखे लाल फराटे उठलेत. दुखणं नेमकं त्या ओलांडणीवर आहे.

तिथे रोहिणी आणि नीला एकाच वेष्टणात गुंडाळलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने रोहिणी कडक होते आणि खालच्या मऊ नीलेला दाबते. त्या चिंचोळ्या जागी रक्त रेंगाळतं, गाठ धरते. मागे तुंबलेलं रक्त आणि पाणी पडद्यात झिरपतं. ते पीतबिंदूपर्यंत, म्हणजे जिथून आपण अक्षर वाचतो तिथपर्यंत पोचलं की नजर धूसर होते. पडद्याच्या वरच्या भागात बिघाड झाला की खालचं दिसणं जातं, म्हणून बाबांना फडकं खाली दिसलं. त्यांनी अगदी अचूक सांगितलं होतं. झोपेतून उठल्यावर, न दुखता, एकाच डोळ्याला जाणवणं ही या आजाराची नेहमीची तऱ्हा आहे.

आता लस. २०२१ पासून जगभरच्या डॉक्टरांनी निरनिराळ्या करोना लशींनंतर नस बंद झालेल्या पेशंटच्या हकिकती छापल्या आहेत, आपल्याकडच्यांनीही. अशा हकिकतींवरून शंका घ्यायची असते. पण हा आजार लशीच्या आधीही होताच. जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून २०१५ सालासाठी काढलेला अंदाज असा, की तीस ते एकोणनव्वद वयाच्या लोकांपैकी ०.७७ टक्क्यांना पडद्याची नीला बंद होण्याचा आजार आहे. म्हणजे सुमारे १३० जणांत एक. आपल्या देशात साठीपुढच्यांना त्या वर्षी काही महिन्यांत कोट्यवधी डोस दिले गेले. त्यातल्या कित्येकांची नस लस घेतली नसती तरी त्याच आठवड्यांत बंद झाली असती. कुणाची तशी आणि कुणाची लशीमुळे, हे एकेका माणसाकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी लाखो नोंदी शेजारी शेजारी मांडाव्या लागतात.

तशा मांडल्या गेल्या आहेत. तैवानच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांमध्ये दोन वर्षांत पडद्याच्या नसा बंद होण्याचं प्रमाण त्यांना न घेतलेल्यांच्या २.१९ पट आढळलं. व्हॉट्सॲपवर फिरतो तो हाच आकडा. तो खोटा नाही, पण मला तो पटत नाही, आणि का ते सांगते. त्या नोंदींतली 'लस न घेतलेली' माणसं खरोखर न घेतलेली होती का? अमेरिकेत पुष्कळांनी औषधाच्या दुकानात लस घेतली, ती रुग्णालयाच्या कागदावर चढलीच नाही. शिवाय वेळेवर लस घेणारा माणूस वेळेवर डोळेही दाखवतो, म्हणून त्याचा आजार नोंदला जातो. आणि त्या लशी बहुतेक फायझर आणि मॉडर्नाच्या होत्या. बाबांनी त्या घेतलेल्याच नाहीत.

त्याच वर्षी त्याच प्रकारच्या नोंदींवर दुसऱ्या गटाने जास्त नीट प्रश्न विचारला. लस घेतलेल्यांची तुलना त्यांनी लस घेतलेल्यांशीच केली, फक्त दुसरी लस : फ्लूची किंवा धनुर्वाताची. करोनाची लस घेतलेल्या ३१ लाखांहून अधिक लोकांत पुढच्या २१ दिवसांत १०४ जणांची नस नव्याने बंद झाल्याची नोंद होती, म्हणजे साधारण तीस हजारांत एक. पहिल्या डोसनंतरचं हे प्रमाण फ्लू आणि धनुर्वाताच्या लशीनंतरच्यापेक्षा जास्त निघालं नाही. याच्या उलट, प्रत्यक्ष करोना झाल्यावर काय होतं हे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ४ लाख ३२ हजार रुग्णांत पाहिलं गेलं. आजाराआधी दर दोन आठवड्यांना दहा लाखांमागे साडेआठ जणांची नीला बंद होत होती, आजारानंतर बारा जणांची. वाढ मोठी नाही, पण आहे.

आता बाबांच्या पाकिटातलं कात्रण. त्यात जे छापलंय ते खरं आहे. कोव्हिशिल्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेका-ऑक्सफर्डचीच लस, पुण्याला सीरममध्ये बनवलेली. तिच्यामुळे फार क्वचित एक गंभीर आजार होतो. युरोपच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच तो दुष्परिणामांच्या यादीत घातला होता. काही माणसं त्यात दगावली. त्यांच्या घरच्यांचा राग रास्त आहे आणि कुणी तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्या आजाराची खूण अशी, की गाठी होतात आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कोसळतात, दीड लाखाच्या खाली जातात. गाठी बहुतेक मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत होतात. बाबांचा त्या महिन्यातला रिपोर्ट माझ्यासमोर आहे : प्लेटलेट २ लाख ४० हजार. तो रक्ततपासणीचा कागद कात्रणाशेजारी ठेवून बाबांना दाखवा. बातमीतला आजार त्यांना झालेला नाही.

मग झालं कशाने? ताई, तुमच्या गठ्ठ्यात एक केसपेपर आहे, चहाचा डाग पडलेला. त्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय : 'बीपी १७६/१०२. गोळी ३ महिने बंद.' मला जे हवं होतं ते तिथे सापडलं. त्या काळात माझे कितीतरी पेशंट बीपीची गोळी विसरले. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना बंद, सकाळचं चालणं बंद, लोकल बंद, घरात दिवसभर टीव्हीवर मृतांचे आकडे आणि ताटात रोज पापड-लोणचं, कारण भाजीला जायची भीती. हे वाचून 'मग गोळ्यांकडे मीच दुर्लक्ष केलं' असं दुसरं ओझं डोक्यावर घेऊ नका. सबंध मुंबई तशीच जगत होती. तुम्ही ६७ वर्षांच्या माणसाला, ज्याला करोनाने सहज उचलून नेलं असतं, लस मिळवून दिलीत. ते योग्यच केलंत.

लशीचा बाबांच्या डोळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, असं मी लिहून देणार नाही. एका माणसाबाबत तेवढी खात्री कुणाला देता येत नाही. एवढं मात्र सांगते : १७६/१०२ एकट्याने ही नस बंद करायला पुरेसं आहे. मला राग आहे तो 'महिन्याने या'चा. दोष लशीवर टाकून पेशंटला घरी धाडलं आणि पीतबिंदूवरची सूज महिनाभर तशीच राहिली. सूज फार दिवस राहिली की खालच्या पेशी मरतात, मग इंजेक्शनांनी पाणी ओसरलं तरी अक्षर पूर्वीसारखं लागत नाही. पेपर वाचताना बाबा डोळा मिटतात, त्यात त्या महिन्याचा वाटा असावा असं मला वाटतं. लशीचा संशय असेल तर डॉक्टरांनी तो औषधांच्या दुष्परिणामांच्या सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो. कळवायला संशय पुरतो, पुरावा लागत नाही. पण पडदा त्याच दिवशी तपासायचा.

फ्लूच्या लशीबद्दल मी तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या बाजूने आहे. फ्लूचा ताप फुप्फुसांपुरता राहत नाही, तो रक्तवाहिन्यांनाही चिथावतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीत फ्लू ठरल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट दिसलं. बाबांच्या वाहिन्या आधीच कडक झाल्यात, त्यांनी हा ताप अंगावर काढू नये. मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, तेव्हा मे संपायच्या आत लस घेतलेली बरी. बाबा नाही म्हणाले तर भांडू नका. त्यांचा डोळा गेलाय, त्यांची भीती खोटी नाही. हे उत्तर त्यांना स्वतः वाचू द्या, हवं तर मोठ्या टायपात काढून द्या.

दुसरा डोळा वाचवायचा असेल तर घरी बीपीचं मशीन आणा, सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. साखर आणि कोलेस्टेरॉल बघा. डोळ्याचा दाबही तपासून घ्या, काचबिंदू असेल तर नस बंद व्हायचा धोका वाढतो. आणि बाबा मोठ्याने घोरत असतील, झोपेत मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते या आजाराशी निगडित आहे आणि सहसा कुणी विचारत नाही. दर रविवारी वाचायचा चष्मा लावून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटी एकेका डोळ्याने बघायला सांगा, दुसरा डोळा तळव्याने पूर्ण झाकून. रेघ वाकली, चौकट पुसट झाली, की त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे.

प्रश्न : वय ६४, राहणार गिरगाव. नऊ दिवसांपूर्वी नागिणीची लस घेतली, दोन दिवस अंग दुखलं. काल सकाळपासून डाव्या डोळ्याने पेपरच्या ओळी लाटेसारख्या दिसतात. दुखत नाही. लशीचा जोर ओसरला की जाईल ना? अपॉइंटमेंट बारा दिवसांनंतरची मिळते आहे.

उत्तर : काका, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून पत्र उघडलं त्याच दुपारी मासिकाच्या कार्यालयातून तुम्हाला फोन केला. बाकीच्या वाचकांसाठी इथे लिहिते. लशीचा जोर ओसरायची वाट बघायची नाही. लस नऊ दिवसांपूर्वी घेतलेली असो वा नऊ वर्षांपूर्वी, ओळी वाकड्या दिसायला लागल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत पडदा तपासून झाला पाहिजे. अपॉइंटमेंट नसेल तर मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात सकाळी जाऊन केसपेपर काढा आणि खिडकीवरच सांगा, 'अचानक झालंय'. आणि एका डोळ्यापुढे एकाएकी पूर्ण काळोख झाला, तर तेवढाही वेळ नाही. तेव्हा रक्त आणणारी रोहिणी बंद झालेली असू शकते, तो डोळ्याचा पक्षाघात समजायचा. पडदा काही तासांतच कायमचा निकामी होतो. चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, टॅक्सी करून थेट जिथे पक्षाघाताचे पेशंट घेतात त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

काकांची तपासणी त्याच संध्याकाळी झाली. पीतबिंदूजवळची एक छोटी नीला बंद होती. बीपी १६८. पहिलं इंजेक्शन गुरुवारी दिलं, पुढचं महिन्याने आहे. ते चुकवू नका, काका.